बकरी वर्गात आली होती, एवढं खरं

ही गोष्ट मी आजवर कुणालाच सांगितलेली नाही. बायकोलाही नाही. तुम्हाला खरं वाटणार नाही, कारण मी एखादी गोष्ट पोटात ठेवू शकतो यावर आमच्या कॉलनीत कुणाचाच विश्वास नाही. नांदेडच्या आमच्या भागात बारसं असो, साखरपुडा असो, कुणाचा निरोप समारंभ असो, माईक फिरत फिरत शेवटी माझ्याच हातात येतो. पाटबंधारे खात्यात मी फायली सरकवतो ते पोटासाठी. खरा धंदा नकलांचा. रुसलेला व्याही, ढेकर देणारे साहेब, सांगाल तो माणूस दोन मिनिटांत उभा करतो. आणि सगळ्यांत गाजलेली आहे ती बकरी. लोक अजून रस्त्यात अडवून म्हणतात, काका, बकरी होऊन जाऊ द्या.

त्या बकरीचंच सांगायचं आहे. सरळ सांगता येईल का? बघतो.

आमच्या मागच्या गल्लीत महापालिकेची प्राथमिक शाळा होती. चार खोल्या, एक कडुनिंब, निळं गेट. वस्तीतली लेकरं तिथं जात आणि आमच्या कॉलनीतली पिवळ्या व्हॅनमध्ये कोंबून लांबच्या इंग्रजी शाळेत. एका वर्षी कॉलनीतल्या सहा घरांत पहिलीला जाणारी लेकरं होती. बालवाडीचं वर्षभर व्हॅनमध्ये ओकून, रडून ती कंटाळली होती आणि त्यांचे आईबापही. मग कुणीतरी म्हणालं, मागची शाळा काय वाईट आहे? एकट्यानं पाठवायला प्रत्येकाला धाकधूक वाटत होती. पण बाकीचे पाच गेले तर आम्हीही जाऊ, असं सहाही जण म्हणत होते. तेव्हा ठरलं की आधी कुणीतरी जाऊन शाळा नीट बघून यावी. कोण जाणार? अर्थात मी. काकांचा डोळा बारीक, काकांना माणसं कळतात. त्यांनी मला दहा प्रश्न लिहिलेला कागद दिला. पाणी आहे का, शिक्षक वेळेवर येतात का, तिसरीतल्या मुलांना वाचता येतं का, असे.

मी रजा टाकून गेलो. सकाळच्या प्रार्थनेपासून शाळा सुटेपर्यंत बसलो. माझ्यासारखा माणूस एवढा वेळ गप्प बसला, त्यावरून काय ते समजा.

शाळेच्या मुख्याध्यापिकेला लेकरं मोठ्या बाई म्हणत. त्या स्वतः तिसरी-चौथी शिकवत. बोलणं एकदम आमच्या मुदखेडकडचं, वाक्य संपलं की 'हाव की न्हाई?' विचारायचं. लेकरं एका सुरात 'हाव बाई' म्हणायची. ती माझ्या आईची भाषा. मीही अशाच एका शाळेत शिकलो आणि हीच भाषा बोलत नांदेडला आलो. नोकरी लागल्यावर धुऊन टाकली — आता फक्त नकलेपुरती काढतो.

दुपारच्या आधी तिसरीतली एक मुलगी उभी राहून धडा वाचत होती. दीक्षा तिचं नाव. आवाज खणखणीत, कुठं अडखळणं नाही. तेवढ्यात एक बकरी वर्गात आली. गेट उघडं राहिलं असेल. मी मनातल्या मनात टाळ्याच वाजवल्या, म्हटलं, आता मजा आहे. पण काय झालं माहीत आहे? दीक्षानं पुस्तक शेजारच्या मुलीला दिलं, म्हणाली, "इथं बोट धर." बकरीचा कान धरून तिला बाहेर नेलं, गेटची कडी लावली, नळावर हात धुतले, परत आली आणि जिथं बोट होतं त्याच शब्दापासून पुढं वाचायला लागली. कुणी हसलं नाही. फळ्यावर लिहिणाऱ्या बाईंनी मागं वळूनही पाहिलं नाही.

माझ्या कागदावर नऊ प्रश्नांपुढं 'होय' आलं. एकापुढं लिहिलं — शौचालयाचं दार नीट बसत नाही.

निघताना बाई गेटपर्यंत आल्या. आवाज खाली घेऊन म्हणाल्या, "पट लई कमी झालाय सर. औंदा लेकरं न्हाई आले तर शाळा बंद करतेत, बायपासच्या पलीकडच्या शाळेत घालतेत. बारके लेकरं तिकडं कसे जातील? तुमच्या कॉलनीतले सहा आले तरी शाळा राहती." हे त्यांनी दुसऱ्या कुणाला सांगितलं असतं असं वाटत नाही. दिवसभर वर्गात बसलेला माणूस, आपलाच असणार, असं त्यांना वाटलं असावं.

रविवारी संध्याकाळी गच्चीवर सहा घरं जमली. पापड वाळत घातलेल्या चादरी बाजूला सरकवून सगळे बसले. कागद माझ्या खिशात होता. मी खरंच चांगलं सांगायला गेलो होतो — पण हे आता म्हणण्यात काय अर्थ आहे? सुरुवात जरा रंगतदार करावी म्हणून आधी बकरी घेतली. बकरी वर्गात आली, एवढं म्हटलं आणि गच्ची हसली. तो हशा कानात गेला की माझं काय होतं, ते मलाच माहीत. माझ्या बकरीला कुणी बाहेर काढलं नाही. ती पुढच्या बाकावर बसली. मी बाईंच्या आवाजात तिची हजेरी घेतली. "बकरे, उभी राह्य. बेचा पाढा म्हण. येतो, हाव की न्हाई?" बकरी म्हणाली, "बेंऽऽ." आणि बाई म्हणाल्या, "शाब्बास, घ्या हिला चौथीत." लोक एकमेकांच्या अंगावर पडत होते. मग बकरीनं टेबलावरचा हजेरीपट खायला घेतला. मी बाईंसारखाच आवाज खाली घेतला, अगदी गेटपाशी त्यांनी घेतला होता तस्सा, आणि म्हणालो, "खाऊ द्या तिला. न्हाई तरी पट लई कमीच हाय."

तेवढं वाक्य नसतं घेतलं, तर? पण तेच सगळ्यांत जास्त चाललं.

हसू ओसरल्यावर एका तरुण आईनं डोळे पुसत विचारलं, "पण काका, शाळा खरंच कशी आहे?"

मी म्हणालो, "आता अजून काय सांगू?"

एवढंच. वाईट आहे असं मी म्हणालो नाही. म्हणायची गरजच राहिली नाही. मागच्या शाळेचं नाव त्या दिवसापासून बकरीची शाळा पडलं.

हे झालं माझं अर्धं पाप. ते निदान हसताना झालं. उरलेलं शुद्धीत केलं.

मे महिन्यात मोठ्या बाई पटनोंदणीला घरोघर फिरत कॉलनीत आल्या. डोक्यावर पदर, हातात रजिस्टर, भर ऊन. पाच-सात जण फाटकाशी उभे होते, मीही होतो. कुणाच्या तरी पोरानं पाठीमागून 'बेंऽऽ' केलं आणि बायका तोंडाला पदर लावून हसल्या. बाईंना काही कळेना. मग त्यांना मी दिसलो. चेहरा उजळला त्यांचा.

"हे काय, सर हायेत की. दिवसभर बसून राहिले होते माझ्या वर्गात. सर, तुम्हीच सांगा यांना."

सगळे माझ्याकडं बघू लागले. सहा लेकरांचे आईबाप त्यातच होते. पाच वाक्यं पुरली असती. माझ्याजवळ नऊ 'होय' होते, सांगायची कला होती, आणि ऐकणारेही समोर होते.

मी म्हणालो, "मी जरा घाईत होतो बाई. नीट काही बघता आलं नाही."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. रागानं नाही. फळ्यावर चुकलेल्या लेकराकडं बघावं तसं. "हाव का. बरं," म्हणाल्या. पेनाला टोपण लावलं, तांब्याभर पाणी प्यायल्या आणि गेल्या.

शाळा त्याच वर्षी बंद झाली. आता त्या खोल्यांत महापालिकेचे फवारणीचे पंप ठेवतात. वस्तीतल्या काही मुली कितीतरी महिने घरीच बसल्या. दीक्षाची आई कॉलनीतल्या कार्यक्रमांना स्वयंपाक करते. लेकीला रोज बायपास ओलांडून सोडायचं म्हणून तिनं सकाळच्या कामाची दोन घरं सोडली, हे ती माझ्या बायकोला सांगत होती. मी आतल्या खोलीत पेपर वाचत होतो. एकच पान कितीतरी वेळ.

त्यानंतर मी बकरी सोडली असेल, असं वाटलं का तुम्हाला? दर गणपतीत सांगितली. बारशांत सांगितली. लातूरला मेव्हण्याच्या घरी सांगितली.

गेल्या गणपतीतही झाली. हॉल भरलेला होता. नंतर पंगतीत बसलो तर पुऱ्यांची परात घेऊन एक उंच मुलगी वाढत आली. आईच्या हाताखाली आलेली दीक्षा. नववीत असेल आता. माझ्या ताटात दोन पुऱ्या ठेवल्या आणि हळूच, दुसऱ्या कुणाला ऐकू जाऊ नये अशा बेतानं म्हणाली,

"काका, ती बकरी आमची होती. पट न्हाई खाल्ला तिनं. मी काढली की बाहेर. तुम्ही बघून राहिले होते."

"हाव," मी म्हणालो.

ती पुढच्या ताटाकडं गेली. जेवणं उरकली, हात धुऊन मी हॉलमध्ये आलो. उशिरा आलेली पाहुणेमंडळी बसली होती. कुणीतरी माईक पुढं केला — काका, यांच्यासाठी परत एकदा बकरी. दीक्षा दारात ताटं गोळा करत होती.

मी माईक घेतला. बकरी आधीपेक्षाही चांगली झाली.