झेन्झीने झाडलेले खडे

नीटनेटकेपणाचं वेड आमच्या बव्हेरियातल्या गावात सगळ्यांनाच, पण झेन्झीचं म्हणजे अती. नवरा कोर्बिनियान गेला आणि तिला घर पुरेना. मग तिने जंगलाकडेची दफनभूमी झाडायला घेतली. दुसऱ्या महायुद्धात इथल्या छळछावणीत मेलेले ज्यू कैदी तिथे पुरलेत. ते जिवंतपणी आमच्या गल्लीतून जायचे तेव्हा गावाने बघितलं नाही, नंतरही कुणी तिकडे फिरकलं नाही.

दर शनिवारी ती खराटा घेऊन निघाली की बेकरीवाला लोरेन्झ ओरडायचा, "निघाली बघा माहेरी!"

"तुझ्या भट्टीपेक्षा थडगी स्वच्छ असतात माझी!"

थडग्यांवर कुणीतरी खडे ठेवून जायचं. "वांड कार्टी, दुसरं काय!" म्हणत ती ते उचलायची. खडे मात्र गुळगुळीत, सुरेख. टाकवेनात. चर्चमागच्या कोर्बिनियानच्या थडग्याला तिने त्यांची किनार केली. सर्व संतांच्या सणाला गाव आपापली थडगी सजवून पाद्रीबाबांची वाट बघतं, तेव्हा ती किनार बघून बायकांचा जळफळाट व्हायचा. माझाही.

एका वर्षी सणाच्या आदल्या दिवशी ती झाडत असताना इस्रायलमधल्या हैफाहून एक म्हातारी आली. तिने पर्समधून पांढरा खडा काढून एका थडग्यावर ठेवला.

"अहो बाई, आत्ताच झाडलंय मी."

"कचरा नाही हो हा. आमच्यात फुलं नसतात, खडा ठेवतात. भावाला कळावं, मी येऊन गेले." मग ती इकडेतिकडे बघू लागली. "दरवर्षी ठेवते. मागचे वाऱ्याने गेले असतील."

"असतील," झेन्झी म्हणाली.

संध्याकाळी झेन्झी शेजारी माझ्या स्वयंपाकघरात येऊन रडली. "वाऱ्यावर ढकललं गं मी! उद्या ती परत यायचीय. कुठल्या तोंडाने जाऊ?"

"गप्प बस. कुणाला कळतंय?" मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी चर्चमागे पाद्रीबाबा थडग्यांना आशीर्वाद देत असताना झेन्झी ठेवणीतल्या कोटानिशी गुडघ्यांवर बसली आणि किनार उपसू लागली. माती ढासळली, फुलं कलंडली.

"डोकं फिरलं का तुझं? आज?" लोरेन्झ म्हणाला.

"हे कोर्बिनियानचे नाहीत."

"मग कुणाचे?"

तिने जंगलाकडे बोट दाखवलं. सगळे आपापल्या बुटांकडे बघत राहिले. खडे बादलीत भरून ती निघाली तेव्हा मागून मी एकटीच गेले, तीही मान खाली घालून.

म्हातारी भावाच्या थडग्यापाशीच होती. झेन्झीने बादली तिच्यापुढे ठेवली.

"वारा नव्हता हो बाई. मी होते."

बादलीतून म्हातारीने आपले पांढरे खडे एकेक करून वेचले आणि भावापाशी ठेवले. मग उरलेल्यांकडे बघून तिने विचारलं, "आणि हे कुणाकुणाचे?"

कुठला खडा कुठल्या थडग्यावरून उचलला, ते झेन्झीने कधी बघितलंच नव्हतं.