मुझे शिक्षा दीजिए

माझ्या हाती कागद आला की आधी चूक दिसते. रायस्वाइकच्या खेमेंटेत, म्हणजे नगरपालिकेत, मी नव्याने आलेल्यांचे फॉर्म तपासते. नवऱ्याच्या व्हिसावर 'डिपेंडंट' म्हणून आलेली मी, आता ऑफिसातल्या डच लोकांना त्यांच्याच भाषेतल्या चुका दाखवते. फुशारकी म्हणा, पण खरं आहे. तोंडावर बोलायची खोड आधीपासूनच होती. या देशात तिला मोकळं रान मिळालं.

त्या खोडीने एकदा घात केला. आई पुण्यात न्हाणीघरात पडली आणि आठवड्याभरात गेली. इतकी वर्षं तिचं सगळं ताईने केलं होतं, मी नव्हे. तरी फोनवर मी ताईला म्हणाले, "तुझं लक्ष कुठे होतं?" ताईने फोन ठेवला. त्यानंतर दोन वर्षं आमच्यात सणासुदीचे मेसेज तेवढे उरले, तेही नुसती फुलांची चित्रं.

शेवटी ताईच्या लेकीनेच दोघींची अल्मोड्याची तिकिटं काढली. म्हणाली, "भांडा नाहीतर बोला, पण आठ दिवस एकत्र काढा." मी लगेच हो म्हटलं. आठ दिवसांत ताईला परत मिळवायचंच, हे मनात पक्कं होतं. कसं, ते मात्र सुचत नव्हतं. माफी मागायची मला सवयच नाही.

ताई माझ्याशी बोलायची ते चहा, औषधं आणि बॅगा एवढ्यापुरतं. देवदारांच्या सावलीतली दगडी देवळं पाहिली. ताई एकेका पिंडीपुढे डोळे मिटून बसायची आणि मी बाहेर चपला राखायची. गावात ज्या घरी उतरलो होतो, तिथली बाई नाचणीची भाकरी आणि भांगेच्या बियांची चटणी वाढायची. चटणीला भांग म्हटल्यावर मी दचकले, तर ती म्हणे, बियांनी काही चढत नाही. ताईला तिने दुसऱ्याच दिवशी 'दीदी' केलं. दोघी अंगणात राजमा निवडत काय हसायच्या! माझा नुसता जळफळाट व्हायचा. ताई माझी, आणि हसते हिच्याशी!

सहाव्या दिवशी तिन्हीसांजेला गाडी एका वळणावर थांबली. ड्रायव्हर कुजबुजला, "बाघ!" रस्त्याच्या कठड्यावर बिबट्या बसला होता, शेपटी खाली सोडून, आम्हाला हिंग लावूनही विचारत नव्हता. मी म्हणाले, "भैया, ये बाघ नहीं, तेंदुआ है." तो म्हणाला, आमच्याकडे यालाच बाघ म्हणतात. मी त्याला पुढे समजावणार, तोच ताई कडाडली, "अगं, गप्प बस ना! त्याच्या गावचा वाघ आहे, त्याला म्हणू दे की!"

बिबट्या उठून झाडीत गेला. दोन वर्षांत ताई पहिल्यांदा माझ्यावर ओरडली होती. मला इतका आनंद झाला की खिडकीकडे तोंड करून डोळे पुसावे लागले.

सातव्या दिवशी न्यायदेवतेच्या देवळात गेलो. तिथे लोक देवाला चक्क अर्ज करतात. झालेला अन्याय कागदावर लिहायचा आणि कागद देवळात बांधायचा. न्याय मिळाला की घंटा वाहायची. जिकडे बघावं तिकडे घंटा आणि अर्ज, काही तर स्टॅम्प पेपरवर. अर्ज म्हटल्यावर माझे हात शिवशिवले. ताई आत दर्शनाला गेली होती. तेवढ्यात मी लिहून टाकला, देव तिकडचा म्हणून हिंदीत: "मैंने अपनी बड़ी बहन पर झूठा आरोप लगाया। दोष उसका नहीं था। कृपया मुझे शिक्षा दीजिए।"

कागद तपासून घेतल्याशिवाय मला चैन पडत नाही, म्हणून पुजाऱ्याला दाखवला. त्याने तो मोठ्याने वाचला. ताई दर्शन घेऊन माझ्या मागेच येऊन उभी राहिली होती, हे मला कुठे ठाऊक!

"शिक्षा?" पुजारी गोंधळला. "बहनजी, इस उमर में कौन-सी पढ़ाई करेंगी?"

मागून हसू फुटलं. "पंडितजी, सज़ा माँग रही है," ताई म्हणाली. "हम मराठी लोग सज़ा को शिक्षा कहते हैं." आणि हसता हसताच तिला रडू कोसळलं. "दोन वर्षं, गं. दोन वर्षं मी स्वतःला तेच विचारतेय. माझं लक्ष कुठे होतं?"

"ताई, चुकले मी."

एवढंच बोलायचं होतं. रायस्वाइकहून फोनवर मला ते दोन वर्षांत जमलं नव्हतं.

ताईने पदराने नाक पुसलं, माझ्या हातातलं पेन घेतलं आणि अर्जाखाली लिहिलं: "बहन को माफ कीया।"

'कि' ऱ्हस्व हवा होता. मला तो लगेच दिसला. मी कागदाची घडी घातली आणि तो तसाच बांधला.