मोकळी खिडकी

मी बोलत होते आणि ते हसत होते.

लॅपटॉपवर चौकटी होत्या. प्रत्येक चौकटीत एक घर. सगळी मराठी माणसं, आमच्याच वसाहतीतली. मी भिंतीचं सांगत होते. ओली भिंत कशी पाडली, तिच्याखाली आमच्या शेजारणीचा पाय कसा चिरडला. यात हसण्यासारखं काही नव्हतं. एक बाई तर ओढणी तोंडाला लावून हसत होती. मी आणखी मोठ्याने बोलले.

मागून सून आली, रूपाली. म्हणाली, "आई, थांबा. त्यांना ऐकू जात नाहीये."

"का?"

ती नवऱ्याकडे बघत राहिली. माझा मुलगा संतोष माझ्या खुर्चीला खुर्ची लावून बसला होता. त्याचं बोट अजून लॅपटॉपवर होतं. "आम्हीसुद्धा अशाच संस्थेच्या घरात" एवढं मी म्हटलं होतं, तेवढ्यात मीटिंग चालवणाऱ्या मानसी मॅडम म्हणाल्या होत्या, "संतोष, आईंना म्यूट कर ना, प्लीज. वेळ कमी आहे." ते मी ऐकलं होतं. पण म्यूट म्हणजे काय ते मला माहीत नव्हतं. त्याने माझा आवाज बंद केला आणि मला बोलू दिलं. आपली आई मुक्यासारखी हातवारे करतेय हे तो बघत बसला.

डब्लिनच्या पश्चिमेला ओंगारला त्याचं घर आहे. नातीच्या बारशाला मी फेब्रुवारीत आले. मार्चमध्ये कोरोनामुळे विमानं बंद झाली. अडकले.

घरामागे मोकळं रान आहे. तिथे नफा न घेणारी एक संस्था घरं बांधणार होती. ज्यांना घर विकत घेणं जमत नाही आणि इथलं भाडंही झेपत नाही, अशांसाठी. हे मला आधी ब्रीडाकडून कळलं. ब्रीडा इथलीच, शाळेत झाडलोट करते. आम्ही दोघी अंतर ठेवून रानाच्या कठड्यावर बसायचो. ती हातांनी छप्पर करून दाखवायची, मग फोनवर मुलीचा फोटो, मग एक बोट. मुलगी आणि तिची दोन लेकरं घर नाही म्हणून सरकारने दिलेल्या हॉटेलच्या एका खोलीत राहतात, हे रूपालीने मला नीट समजावलं. ब्रीडा आणि तिच्यासारखी चारसहा माणसं दुकानापुढे, चर्चच्या दारात उभी राहायची. ही घरं होऊ द्या म्हणून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची. मी "गुड" म्हणायची, ती "ग्रँड" म्हणायची, म्हणजे छान. तेवढ्यावर आमचं चालायचं.

ऑक्टोबरात या घरांविरुद्ध कुजबुज सुरू झाली. संतोष फोनवर म्हणत होता, "ड्रेनेजवर लोड येणार, दुसरं काय." मी भांडी पुसत होते. हात थांबला.

कारण आमच्या वेळीही आधी गटाराचंच नाव निघालं होतं. पुण्यात हडपसरच्या पुढे एका संस्थेने आम्हाला घरं बांधून दिली होती. मी बिगारी काम करायची. नवरा वारलेला, संतोष कडेवर. आम्ही बायकांनी आमच्या घरांचा माल स्वतः वाहिला. पलीकडे बंगले होते. बंगल्यातले लोक म्हणाले, आमची गटारं तुंबतील. मग म्हणाले, यांची पोरं येतील, आमच्या मुली बाहेर कशा पडणार. ही दोन कारणं देऊन झाल्यावर एका दुपारी माणसं आली आणि भिंत पाडली.

दिवाळीत मानसी मॅडम फराळाचा डबा घेऊन आल्या. वसाहतीतल्या मराठी लोकांचं सगळं त्याच बघतात. दारातच उभ्या राहून म्हणाल्या, "काकू, ते लोक राहायला आले की आपल्या मुलींना हिरवळीवर खेळायला कसं पाठवायचं हो?" गटार झालं होतं. मुली झाल्या. पुढचं मला माहीत होतं.

मग रानात मोजणीसाठी ठोकलेल्या खुंट्या कुणीतरी उपटून रस्त्यावर फेकल्या. मग संस्थेची लाकडी पाटी जळाली. नुसते दोन काळे खांब उरले. कुणी जाळली ते कुणालाच माहीत नव्हतं आणि कुणी विचारतही नव्हतं.

त्याच सुमारास संतोषने माझ्या खिडकीला एक कागद चिकटवला. माझी खोली तळमजल्यावर, रस्त्याला लागून. कागदावर हिरवं झाड आणि खाली इंग्रजी अक्षरं.

"काय लिहिलंय रे?"

"झाडं वाचवायची आहेत, आई."

रस्त्याभरच्या खिडक्यांत तोच कागद होता. ब्रीडा रोज खिडकीवरून कामाला जायची, मला हात करायची. आता ती हात करेना. एकदा मी काचेवर टकटक केलं. तिने कागदाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि मान खाली घालून गेली. मी तिच्यावरच चिडले. गोरी ती गोरीच, म्हटलं.

खरं काय ते त्या लॅपटॉपवरच्या मीटिंगमध्ये कळलं. मानसी मॅडमनी तोच कागद कॅमेऱ्यापुढे धरला. "इथे ही घरं नकोत, हे प्रत्येक खिडकीतून दिसलं पाहिजे." पाटी जळाल्याचा विषय निघाला तेव्हा म्हणाल्या, "आपण असलं काही करत नाही. पण लोकांना राग आहे, यू नो." चौकटीचौकटीत माना हलल्या. मग संतोष बोलला. "आम्ही कष्टाने घर घेतलंय. आम्हाला कुणी फुकट दिलं नव्हतं."

संस्थेच्या घराच्या ओट्यावर बसून ज्याने अभ्यास केला तो मुलगा हे बोलला. तेव्हा मी तोंड उघडलं. पुढचं सांगितलंच आहे.

लॅपटॉप मिटल्यावर मी खोलीत गेले आणि कागद काढला. नखांनी खरवडून. सकाळी दुसरा लागला होता. तोही काढला.

"आई, काय चाललंय तुझं?"

"तू काय चालवलंयस?"

"सगळ्यांच्या खिडकीत आहे. आपल्याच नसला तर..."

"तर काय?"

तो खाली पडलेले कागदाचे तुकडे उचलू लागला.

"बोल की. तुझा आवाज तर कुणी बंद केला नाही."

"मला इथे राहायचंय. तुला नाही कळणार. मी इथे कुणालाच सांगितलेलं नाही."

"काय?"

"आपण कुठून आलो ते."

"चोरीच्या घरात वाढवलं नव्हतं मी तुला."

"विमानं चालू होतायत. तुझं तिकीट बघतो."

"बघ. तोवर ही खोली माझी आहे."

दोन दिवसांनी मानसी मॅडम मास्क लावून फाटकाशी आल्या. आत आल्या नाहीत. "काकू, तुम्ही पाहुण्या. आज आहात, उद्या जाल. राहायचं आम्हाला आहे."

"ज्यांना राहायला जागाच नाही त्यांचं?"

"त्यांचं सरकार बघेल."

"मग बघू द्या की. तुम्ही मध्ये का उभ्या?"

त्या हसल्या. "मी काळजीपोटी सांगतेय हं. तुमच्याच घरात लहान बाळ आहे."

त्यानंतर एक गाडी खिडकीपुढे यायची, हळू व्हायची, निघून जायची. आत कोण ते दिसायचं नाही. मग एका सकाळी खिडकीच्या बाहेरच्या कट्ट्यावर वीट होती. कुणी फेकलेली नव्हती. नीट, सरळ ठेवली होती. मी आयुष्यभर विटा वाहिल्या. ही कशासाठी ठेवली ते मला कुणी सांगायला नको होतं.

रूपाली म्हणाली, पोलिसांना कळवू. संतोष म्हणाला, कुणाला काही बोलू नका, कागद लावून टाकू. त्याने कागद आणला. मी खिडकीला पाठ लावून उभी राहिले. म्हटलं, लाव. आधी मला बाजूला कर. त्याला ते जमलं नाही.

वीट मी आत घेतली. काचेपाशी ठेवली, रस्त्यावरून दिसेल अशी. शेजारी खुर्ची ठेवली. दिवसभर तिथेच बसते. ब्रीडा जाते तेव्हा थांबते, विटेकडे बघते. हात ती अजून करत नाही. करायलाच पाहिजे असं काही नाही. महिनाभर तिने माझ्या खिडकीत काय वाचलं ते आता मला माहीत आहे.

निर्बंध सैल झाले की रानात सभा आहे, उघड्यावर. घरं हवी म्हणणारे येतील, नको म्हणणारेही येतील. रूपाली मला घेऊन जाते म्हणाली, इंग्रजीत सांगते म्हणाली. नाही आली तर मी एकटी जाईन आणि मराठीत बोलेन. गटाराचं सांगेन, मुलींचं सांगेन, भिंतीचं सांगेन, कुणाच्या पायावर पडली ते सांगेन. ही वीट बरोबर नेईन. तिथे माझा आवाज बंद करायला बटण नाही. माणसाला पुढे येऊन माझं तोंड दाबावं लागेल, आणि ते सगळ्यांना दिसेल.

संतोषने तिकीट काढलं आहे. सभा झाल्याशिवाय मी विमानात बसणार नाही.

हे जिच्यावर गुजरलं ती मी. चौथी शिकलेली बिगारी बाई. संस्थेच्या घरात राहिलेली. संतोषची आई.