राळे आडनावाचं एकच घर

माणसं बायकोवर प्रेम करतात, जमिनीवर करतात, काहीजण तर नव्या स्कूटरवरही करतात. राळेभाऊजींनी जन्मभर जिवापाड प्रेम केलं ते आपल्या आडनावावर. त्यांना पाळण्यातलं नावही होतं, पण नोकरीच्या कागदांखेरीज ते त्यांनी कुठं खर्च केल्याचं मला आठवत नाही. माझ्या यजमानांच्या मोजणी कचेरीतले ते सोबती आणि लातुरात आमच्या भिंतीला भिंत लावून राहणारे शेजारी. आम्ही बिऱ्हाड मांडलं त्याच सकाळी दारात एक उंच, काटकुळा, उन्हानं रापलेला माणूस येऊन उभा राहिला. “नमस्कार वैनी. मी राळे.” एवढं बोलून गप्प. मी “या, बसा” म्हटलं तरी हलेनात. समोरच्यानं “राळे? म्हणजे काय हो?” असं विचारावं म्हणून ती जागा मोकळी सोडलेली असते, हे मला पुढं कळलं. मी काही विचारलं नाही, तेव्हा त्यांनीच तो भार उचलला. “राळे म्हंजे राळा. धान्य. पिवळं, बारीक. आता कुणी पेरत न्हाई. आन् आडनाव बी आता कुणाचं न्हाई. आख्ख्या मराठवाड्यात आमचं एकच घर.” हे सांगताना त्यांचा चेहरा असा उजळला, की एकच घर असणं हे फार मोठ्या इस्टेटीचं लक्षण असावं असं मला वाटलं.

ज्यांची आडनावं घरोघरी सापडतात त्या सगळ्यांची त्यांना कीव यायची. “जाधव म्हणून हाक मारा, निम्मा बाजार वळून बघतो. राळे म्हणा, मी एकटाच वळतो,” असं ते म्हणत. एसटीत कंडक्टर तिकीट फाडायला आला, की पैसे हातात देता देता “मी राळे” म्हणून मोकळे. कंडक्टरला ते गावाचं नाव वाटायचं आणि तो बिचारा दरांच्या तक्त्यात राळे कुठं आहे ते शोधत बसायचा. मोजणीला ज्या गावी जातील तिथं आधी पाटलाला विचारायचं, गावात कुणी राळे आहे का; मग साखळी जमिनीवर टाकायची. निजामाच्या वेळचे जुने कागद उर्दूत, म्हणून हा माणूस चाळिशीत एका म्हाताऱ्या मुनशींकडं जाऊन उर्दू अक्षरं शिकला. का, तर जुन्या दफ्तरात कुठं तरी आपलं आडनाव असेल म्हणून. मुनशीजी ते ‘राले’ असं वाचत आणि भाऊजी दर वेळी “राले नको मुनशीजी, राळे” म्हणून दुरुस्त करत. उर्दूत ‘ळ’ नाही हे मुनशीजींनी परोपरीनं सांगितलं. भाऊजींच्या मते तो उर्दूचा दोष नव्हता, फक्त तिकडं लक्ष द्यायचं राहून गेलं होतं.

त्यातच लातूर जिल्हा नवा झाला. उस्मानाबादेतून निघून आपली वेगळी चूल मांडल्यासारखा गावाला हुरूप आला. नवे शिक्के, नव्या पाट्या, नव्या याद्या, आणि याद्या इंग्रजीत टाइप केलेल्या. बाहेरून आलेल्या नव्या साहेबांनी पहिल्याच दिवशी यादी वाचून हाक मारली, “मिस्टर रेल!” कुणीच उठेना. शेवटी भाऊजी उठले आणि अदबीनं म्हणाले, “साहेब, रेल न्हाई, राळे. रेल रुळावर चालती, राळा रानात उगवतो.” साहेब हसले, पण सवय काही सुटली नाही, आणि कचेरीत बरीच वर्षं त्यांना चहा विचारताना “रेल सुटली का?” असं विचारायची पद्धत पडली. भाऊजी त्यावर रागावत नसत. एक-एकाला बाजूला घेऊन समजावून सांगत.

मतदारांच्या याद्या, लग्नपत्रिका, वर्तमानपत्रातले दहावीचे निकाल हे त्यांचं आवडतं वाचन. एका उन्हाळ्यात निकालात मुखेडकडची एक ‘राळे’ मुलगी सापडली. दुसऱ्या दिवशी रजा टाकून, पेढे घेऊन, दोन एसट्या बदलून भाऊजी मुखेडला पोचले. छपाईची चूक होती. घर काळ्यांचं निघालं. पण उन्हात इतक्या लांबून पेढे घेऊन आलेल्या माणसाला परत कसं पाठवायचं, म्हणून काळ्यांनी जेवायला बसवलं, आणि मग त्या मुलीच्या लग्नापर्यंत दोन्ही घरांचं जाणं-येणं राहिलं. “काळे हायेत, पण माणसं चांगली हायेत,” असं भाऊजी मोठ्या मनानं म्हणायचे.

मी सकाळच्या शाळेत शिकवायची, तिथल्या इंग्रजीच्या बाईंनी एकदा बोलता बोलता सांगितलं, की विलायतेत बार्ली आडनावाची माणसं असतात आणि बार्ली म्हणजे आपलं सातू. मी ते भाऊजींच्या कानावर घातलं आणि पस्तावले. आठ दिवस त्या माणसाला दुसरं काही सुचेना. त्यांच्यात बी दुष्काळ पडतो का हो? ते अजून सातू पेरतात का? शेवटी एक निळं विमानपत्र घेऊन आले आणि मला म्हणाले, “वैनी, बाईंकडून इंग्रजीत लिहून आणा. आमी इकडं एकटेच हाओत, तुमी तिकडं किती हायेत, एवढंच इचारायचं.” मी पत्ता विचारला. म्हणाले, “बार्ली, इंग्लंड. दुर्मीळ आडनाव हाय, सापडंल.” पत्र गेलं. उत्तर आलं नाही. वर्षभरानं मी भीत भीत विषय काढला, तर म्हणाले, “सुगीत असतील.”

या साऱ्याच्या मुळाशी एक कहाणी होती आणि ती ऐकल्याशिवाय त्यांच्या घरचा चहा कुणाला मिळत नसे. फार मागं मोठा दुष्काळ पडला. माणसं झाडपाला खाऊ लागली. तेव्हा भाऊजींच्या कुण्या खापरपणज्यानं आपलं जमिनीतलं राळ्याचं पेव उघडलं आणि गाव जगवलं. त्या दिवसापासून घराला राळे म्हणू लागले. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा एक गाव जगलं होतं. चार वर्षांत सतरा गावं जगली आणि पेवाच्या तोंडाशी निजामाचा कुणी सुभेदार घोड्यावरून उतरला. आम्ही गालात हसायचो. पण ही कहाणी ते नुसती सांगत नसत, तिला जागायचे. नव्या जिल्ह्याच्या पाठोपाठ पाऊस रुसला आणि आमच्या गल्लीत टँकर येऊ लागला, तेव्हा रांगेतल्या म्हाताऱ्यांच्या घागरी हा माणूस उचलायचा, आणि कुणाचं भागलं नाही तर आपल्या पिंपातलं पाणी काढून द्यायचा. “राळ्याच्या घरात साठवून ठेवलेलं शोभत न्हाई.” मात्र कुणाकडून काही घ्यायचं नाही. वाटीभर साखर नाही, घोटभर पाणी नाही. राळे देणारे, घेणं त्यांच्या घराण्यात नव्हतं.

आता हे पाणी पुरायचं कसं? रोज दुपारी ते कचेरीत गेले, की त्यांच्या पत्नी कमलताई मागच्या भिंतीवरून माझ्याकडं रिकामी कळशी सरकवायच्या आणि मी ती भरून द्यायची. आमच्याकडं मोठा हौद होता. कळशीवर पदर टाकून त्या आत जायच्या. संध्याकाळी भाऊजी गल्लीतल्या बायकांना सांगायचे, “पाणी कसं पुरवावं ते आमच्या कमलकडून शिका.” कमलताई माझ्याकडं बघायच्या नाहीत, आणि मी त्यांच्याकडं.

त्याच दुष्काळात कचेरीत किनवटकडून बदलून आलेल्या एका शिपायानं सांगितलं, की तिकडं जंगलाच्या कडेला एका वाडीत अजून राळा पेरतात आणि तिथली एक म्हातारी राळे लोकांची गोष्ट सांगते. भाऊजींना ताप भरायचा तेवढा बाकी राहिला. आमच्या ह्यांना साक्षीला घेऊन ते निघाले. नांदेडपर्यंत एसटी, पुढं रेल्वे, आणि शेवटी दोन कोस पायी. “पेवाची जागाच बघून येऊ,” म्हणाले, “जमलं तर मोजून घेऊ.” आणि खरोखरच पिशवीत फीत टाकली.

तिथं जे झालं ते मला ह्यांनी सांगितलं. म्हातारी अंगणात बसली होती, डोळ्यांनी अधू, पण आवाज खणखणीत. भाऊजी तिच्या पाया पडले आणि म्हणाले, “आजी, मी राळे.” म्हातारीनं हात पुढं करून त्यांचं तोंड चाचपलं. “आलास व्हय रं?” म्हणाली, जणू कालच कुणी निरोप धाडला होता. मग तिनं आपल्या आजेसासूकडून ऐकलेलं सांगितलं. मोठ्या दुष्काळात पठारावरून बिऱ्हाडं इकडं जंगलाकडं आली. पोरांच्या नुसत्या फासळ्या. इथं राळं पिकलं होतं, ते शिजवून त्यांच्यापुढं ठेवलं. चार महिने राहिली ती माणसं. रोज राळंच मागायची, म्हणून पोरंटोरं त्यांना बघून ओरडायची, राळे आले, राळे आले. पाऊस झाला तशी गेली.

भाऊजींनी पिशवीतल्या फितीवर हात ठेवला. मग हळूच म्हणाले, “म्हंजे आजी, पेव आमचं नव्हतं?”

“पेव आमचं. तुमी खाणारे.”

“खाणारे.”

“मग? भूक लागली व्हती, खाल्लं. त्यात मान खाली कशापायी घालून राहिला? तुमी खाल्लं नसतं तर आमच्या शिजवण्याला काय अर्थ व्हता?” आणि तिनं सुनेला हाक मारून दोघांना राळ्याचा भात वाढायला लावला. ज्या धान्याचं नाव हा माणूस पन्नास वर्षं मिरवत होता, ते त्यानं त्या दिवशी पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिलं. हे म्हणाले, “तीनदा वाढून घेतलं त्यानं. मान वर केली नाही. फीत पिशवीतच राहिली.”

परत आल्यावर आठ-दहा दिवस भाऊजींनी कुणाला आडनाव सांगितलं नाही. कचेरीत “रेल सुटली का?” असं कुणी विचारलं तर नुसती मान हलवायचे. कमलताई काळजीनं अर्ध्या झाल्या. “जेवताना ताटाकडं बघत बसतात,” मला म्हणाल्या. “पाणी मात्र वाटून राहिले अजून. पण बोलत न्हाईत.” मला खरी भीती वाटत होती ती त्याचीच. कहाणीच्या आधारावर उभा असलेला माणूस. कहाणी गेल्यावर कशावर उभा राहणार?

पुढच्याच आठवड्यात टँकर तीन दिवस आला नाही. गल्लीच्या टोकाला एक बाळंतीण होती. भाऊजींनी पिंपातलं उरलंसुरलं तिकडं पोचतं केलं. दुसऱ्या दिवशी सुटी. मी ओट्यावर ज्वारी निवडत होते, तर समोरून भाऊजी येताना दिसले. भर दुपारी, सगळ्या गल्लीदेखत, हातात रिकामी कळशी. मागं घाबऱ्याघुबऱ्या कमलताई. ते माझ्या दारात उभे राहिले. पहिल्या दिवशी राहिले होते तसेच सरळ.

“वैनी, घरात पाणी न्हाई. कळशीभर द्या.”

मी कळशी घेतली आणि भरून आणली. त्यांनी ती दोन्ही हातांनी घेतली, कपाळाला लावावी इतकी वर उचलून. तेवढ्यात कमलताईंना काय झालं कुणास ठाऊक, त्या एकदम हसायला लागल्या. हसता हसता डोळ्यांतून पाणी. “बरं झालं बाई,” म्हणाल्या, “आता मागच्या भिंतीला बी आराम पडंल.” भाऊजींनी आधी त्यांच्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं, मग भिंतीकडं. सगळा हिशेब त्यांच्या चेहऱ्यावर एक-एक करत उतरताना मला दिसला. “रोज?” त्यांनी विचारलं. “रोज,” आम्ही दोघी म्हणालो. तेव्हा तो माणूस कळशी सांभाळत असा हसत सुटला, की निम्मं पाणी माझ्याच उंबऱ्यावर सांडलं आणि मला परत भरून द्यावं लागलं.

दुसऱ्या दिवसापासून आडनाव पूर्ववत सुरू झालं. कहाणी तेवढी बदलली. “आमी खाणारे राळे,” असं ते आता त्याच दिमाखात सांगत. आमच्या ह्यांची तक्रार एवढीच होती, की नवी कहाणी जुनीपेक्षा लांब आहे. म्हातारी दर वेळी थोडी आणखी म्हातारी व्हायची. आणि कुणी चार वांगी, वाटीभर कालवण घेऊन आलं, की भाऊजी ते घ्यायचे, आणि देणाऱ्याच्या तोंडाकडं असं बघायचे, की त्यानंच काही तरी मिळवल्यासारखं त्याला वाटावं.

निवृत्तीनंतर ते मुलीकडं नांदेडला, विष्णुपुरीला गेले. कमलताई तिथंच वारल्या. आमचं जाणं-येणं कमी झालं. माझे यजमानही गेले. मागच्या हिवाळ्यात मी नांदेडला एका लग्नाला गेले तेव्हा वाट काढून त्यांना भेटायला गेले. गच्चीवर खुर्ची टाकून बसले होते. तिथून धरणाचं पाणी दिसतं. फार थकले होते. मला ओळखायला वेळ लागला, पण ओळखल्यावर “बसा वैनी, बसा” म्हणून स्वतःची खुर्ची सोडायला निघाले. बऱ्याच गोष्टी विसरले होते. मी वाट बघत होते, की आता म्हातारी येईल, राळ्याचा भात येईल. ते पाण्याकडं बघत राहिले आणि मग एकाएकी म्हणाले, “वैनी, तुमचं म्हायेरचं आडनाव काय हो? इतकी वर्सं भिंतीला भिंत व्हती, मी माझंच सांगत बसलो. तुमचं इचारलंच न्हाई.”

मी म्हणाले, “खडके.”

“खडके,” त्यांनी चव घेतल्यासारखं म्हटलं. “कुठून आलं असंल?”

मला माहीत नव्हतं. मी वडिलांना कधी विचारलं नव्हतं, आणि आता विचारायला कुणी उरलं नव्हतं. तसं मी सांगितलं. भाऊजींना त्याचं खरोखरीचं वाईट वाटलं. त्यांनी मांडीवरच्या वर्तमानपत्राचा कोरा कोपरा शोधला, खिशातून पेन काढलं, माझं नाव विचारून घेतलं आणि त्याच्यापुढं माझ्या वडिलांचं, आणि मग खडके, असं एकेक अक्षर थांबत थांबत लिहिलं. कागद फाडून माझ्या हातात दिला. लग्नानंतर इतक्या वर्षांत माझं नाव तसं कुणी लिहिलं नव्हतं. अक्षर वाकडंतिकडं होतं, पण वाचता येत होतं.