बिगुलवाल्यांची गोष्ट मी सांगितली

माझी सगळी नोकरी म्हातारपणाचा अभ्यास करण्यात गेली. साताऱ्याच्या कॉलेजात समाजशास्त्र शिकवायचं आणि सुट्टीत सांगलीकडच्या गावांतून प्रश्नावली घेऊन हिंडायचं. म्हातारी माणसं माझ्यापाशी मन मोकळं करतात, याचा मला फार अभिमान होता.

पलूसजवळच्या एका गावात एक निवृत्त फौजी भेटले. पलटणीत ते बिगुल वाजवायचे. बायको गेल्यावर मुलगा आणि सून जेवण, औषधं वेळेवर द्यायची. बोलायला मात्र कुणाला सवड नव्हती. 'दिवसभरात कुणाशी बोलता?' या प्रश्नावर ते गोठ्याकडं बघत म्हणाले, "म्हशीसंगं बोलतो. कुनाला सांगू नगा, बाई."

"नाही सांगणार," मी म्हणाले.

दोन महिन्यांनी साताऱ्यात माझं व्याख्यान होतं. लोक पेंगायला लागले, तशी मी बिगुलवाल्यांची गोष्ट काढली. नाव घेतलं नाही, बाकी सगळं सांगितलं. आधी लोक हसले, मग काहींनी डोळे पुसले. टाळ्या ऐकून मी सुखावले. कुणीतरी मोबाइलवर ते टिपलं होतं. आठवड्याभरात ते त्यांच्या गावात पोचलं.

सुनेचा फोन आला. "म्याडम, तुमी नाव घेतलं न्हाई, पर पलटणीतला बिगुलवाला गावात एकच हाय."

दुसऱ्या दिवशी मी गेले. ते ओसरीवर बसले होते. गोठा रिकामा होता.

"पोरानं म्हस इकली," ते म्हणाले. "पारावर गेलो की लोक म्हशीवानी रेकायचे. त्याला लाज वाटली."

"माझं चुकलं," मी म्हणाले.

"मी तुमाला सांगितलं हुतं, बाई. गावाला न्हवं."

एवढं बोलून त्यांनीच सुनेला चहा टाकायला सांगितलं. तिनं कप माझ्यापुढं ठेवला. "आमी त्यास्नी कंदी उपाशी ठेवलं न्हाई. तेबी सांगायचं हुतं की!"

याच अभ्यासावरचा माझा निबंध अजून छपाईला जायचा होता. मी त्यातून बिगुल काढला, गाव काढलं. म्हैस मात्र ठेवली. ती काढली असती तर त्यात वाचण्यासारखं काही उरलं नसतं. निबंधाचं कौतुक झालं. त्या घरी मी पुन्हा गेलेले नाही.