स्वल्पविरामानंतरची जागा

भालेराव सर गेल्याची बातमी संजयनं क्लासमध्ये येऊन सांगितली, तेव्हा माझ्या तोंडून पहिला शब्द निघाला तो, "तुला कुणी सांगितलं?" आणि दुसरा, "नक्की?" संजय दाराशीच उभा राहिला. मग म्हणाला, "मॅडम, मातीला जाऊन आलोय मी. आता तरी विश्वास ठेवा." त्या 'आता तरी'चा अर्थ त्याला पुरता ठाऊक नव्हता. मला होता. पाच आठवडे झाले या गोष्टीला. सर वालचंदनगरच्या कारखान्यात ड्रॉइंग काढायचे. टेबलावरच छातीत कळ आली, दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. वय बावन्न. माणूस गेल्यावर त्याच्याबद्दल चांगलंच लिहावं असं म्हणतात. मी ते लिहिणारच आहे, पण त्याआधी मी त्याच्याशी कशी वागले ते लिहायला हवं, नाहीतर हा लेखही खोटाच व्हायचा.

बारामतीत भिगवण रस्त्याला, पंपांच्या सुट्या भागांच्या दुकानावर आमचा टायपिंगचा आणि कॉम्प्युटरचा क्लास आहे. मी तिथं शिकवते. इंटरनेट आलं तेव्हा मालक शिंदेसाहेबांनी हौसेनं जोडणी घेतली, पण ती एकाच यंत्रावर चाले. बाकीची तीन नुसती बघत बसायची. कुणीतरी सुचवलं, वालचंदनगरला भालेराव म्हणून आहेत, त्यांना यातलं कळतं. एका रविवारी सकाळी ते एसटीनं आले. उंच, किडकिडीत, शर्टाच्या खिशात तीन रंगांची पेनं. दुपारपर्यंत एकाच फोनवर चारही यंत्रं चालायला लागली. आम्ही चहा मागवला. तो पिता पिता त्यांनी विचारलं, "एक खेळ दाखवू का?"

ज्यांनी हा प्रकार पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगते. काळा पडदा आणि त्यावर नुसती अक्षरं. चित्र नाही, आवाज नाही. एक मोठी गढी आहे असं समजायचं आणि तिच्यात देशोदेशीची माणसं एकाच वेळी शिरलेली असतात, प्रत्येकजण आपापल्या गावात कॉम्प्युटरसमोर बसलेला. उत्तरेला जा, दार उघड, वार कर, असे हुकूम टाईप करायचे. गट करून लढायचं आणि बुरूज जिंकायचे. नवा माणूस आत आला की जुने खेळाडू त्याला दोन मिनिटांत आडवा करायचे. तो पुन्हा येतच नसे. भालेराव सरांना याचं फार वाईट वाटायचं. त्यांनी नव्यांसाठी मराठीत एक कागद तयार केला होता, चौदा सूचनांचा, सुरेख ड्रॉइंगमधल्यासारख्या अक्षरात. कार्बन घालून त्याच्या प्रती काढायचे आणि येईल त्याला द्यायचे. त्यानंतर जवळजवळ प्रत्येक रविवारी ते येत राहिले. कुणीही बसा, कुणीही विचारा.

आणि कशासाठी? हा प्रश्न पहिल्या महिन्यातच आमच्यात शिरला. शिंदेसाहेब म्हणायचे, "हा आपली माणसं हेरतोय. उद्या स्वतःचा क्लास टाकील बघा." मी कन्हेरीला घरी सांगितलं तर आबा उसाला पाणी देऊन आले होते, पाय धुता धुता म्हणाले, "फुकाट शिकवतो? फुकाट कुनी राम राम बी घालत न्हाय." आणि मग जरा थांबून, "कुठला म्हनायचा ह्यो भालेराव?" मी म्हटलं, कऱ्हाटीचे आहेत. आबा म्हणाले, "गाव न्हाय विचारलं मी." सरांच्या पाकिटात बाबासाहेबांचा छोटा फोटो असायचा, तो मी पाहिला होता. आबांचा प्रश्न मला आवडला नव्हता, पण तो तिथंच टाकून उठले असंही नाही. दुसऱ्या दिवशी क्लासला येताना तो माझ्याबरोबर आला होता, हे आज कबूल करते.

मी भराभर शिकले. टायपिंगचा वेग होताच. आमचा तिघांचा गट झाला. बारामतीत मी आणि खताच्या दुकानात हिशेब लिहिणारा संजय, आणि तिकडे इंदापुरात एका शाळेतल्या नंदाबाई. त्यांच्या गावातल्या क्लासवर जाऊन त्या आमच्याबरोबर बसायच्या. मी म्होरकी. बेत मी ठरवायचा आणि टाईप करून दोघांना कळवायचा. पुण्याच्या एका गटाशी आमच्या लढती ठरल्या, सलग चार रविवार. त्या दिवसांत मला स्वप्नंसुद्धा अक्षरांची पडायची. माझ्यासारख्या, घरात सतत 'हिला आता उजवायची' एवढाच विषय असलेल्या मुलीला कुणीतरी 'म्होरक्या' म्हणत होतं. ते मला किती हवं होतं ते माझं मलाच माहीत.

पहिला रविवार हरलो. आम्ही पूर्वेच्या दारानं गेलो तर पुणेकर तिथं आधीच उभे. दुसऱ्या रविवारी पश्चिमेनं गेलो, तिथंही उभे. तिसऱ्या वेळी मी ऐनवेळी बेत बदलला, फक्त नंदाबाईंना आणि संजयला कळवला. तरी तेच. नंदाबाईंचा इंदापूरहून फोन आला, "वैशाली, घरभेदी हाय कुणीतरी. तुज्या खोलीत कोन कोन असतं?" खोलीत कोण असायचं? मी, संजय, आणि पलीकडच्या यंत्रावर नव्यांना शिकवत बसलेले भालेराव सर. यंत्रं जोडून देणारेही तेच. मग मला सगळंच दिसायला लागलं. ते मध्येच हसतात का? माझ्या पडद्याकडे बघतात का? मी बघितलं की मान का वळवतात? संशय आला की माणसाचं पाणी पिणंसुद्धा वेगळं दिसतं. एकदा ते खाली पान आणायला गेले असताना मी त्यांची वही उघडली. पुण्याच्या तिन्ही खेळाडूंची नावं होती तिच्यात. एकापुढं लिहिलं होतं, 'घाई करतो. डावीकडं लक्ष नाही. शुक्रवारी पाच वाजता बसायचं.' मी वही होती तशी ठेवली. खरं सांगायचं तर मला बरं वाटलं. हरण्याचं कारण सापडलं होतं आणि ते मी नव्हते.

चौथ्या रविवारी शिंदेसाहेब, संजय आणि पाचसहा शिकणारी माणसं यांच्यासमोर मी त्यांना उभं केलं. बसायला खुर्चीही दिली नाही.

"सर, पुण्याच्या लोकांना तुम्ही ओळखता?"

"व्हय. त्यांनाबी मीच शिकवतो."

"आणि हे आम्हाला कधी सांगितलं नाहीत?"

"तुमी विचारलं न्हाय. नवा माणूस कुठलाबी असू द्या, त्याला शिकवायचंच." एरवी ते आमच्याशी शहरी बोलायचे. त्या दिवशी कऱ्हाटीची भाषा वर आली.

"आमचे बेत त्यांना सांगितलेत की नाही?"

"न्हाय."

"पुरावा काय?"

ते अगदी हळू म्हणाले, "न सांगितल्याचा पुरावा कसा देऊ, वैशाली? तो नसतोच." शिंदेसाहेब म्हणाले, "भालेराव, तुम्ही आता नाही आलात तरी चालेल." सरांनी पेनं खिशाला लावली, कार्बनच्या प्रतींचा गठ्ठा टेबलावर तसाच ठेवला आणि जिना उतरले. कुणी त्यांना थांब्यापर्यंत सोडायला गेलं नाही.

त्यानंतर दोनेक महिन्यांनी एक बँकेतल्या बाई खेळ शिकायला आल्या. त्या पलीकडच्या यंत्रावर, मी माझ्या. त्या आमच्या गटात नव्हत्या. मी नेहमीसारखा संजय आणि नंदाबाईंना बेत पाठवला, तर पलीकडून बाई म्हणाल्या, "मॅडम, तुमचं बोलणं मला पण दिसतंय. मी बघायचं का नाही?" मला आधी तो त्यांचा घोळ वाटला. पुन्हा पाठवलं. पुन्हा दिसलं. मग टेबलाच्या खणातून सरांचा कागद काढला. त्याच्या ओळी मी नव्यांना वाचायला लावायची, स्वतः कधी वाचल्या नव्हत्या. सातवी सूचना अशी होती: आपल्या गटापुरतं बोलायचं असेल तर आधी स्वल्पविराम द्यावा आणि त्याला चिकटून मजकूर लिहावा. मध्ये जागा सोडू नये. जागा सोडल्यास ते गढीतल्या सगळ्यांना ऐकू जातं.

स्वल्पविरामानंतर एक जागा सोडायची. मी हेच शिकवते. शेकडो मुलींच्या बोटांना ही सवय मी लावली आहे. माझ्या पडद्यावर दोन्ही प्रकार सारखेच दिसायचे. तिन्ही रविवार मी आमचे सगळे बेत साऱ्या गढीला ओरडून सांगत होते. आणि मला आठवलं, सर एकदा माझ्यामागं येऊन म्हणाले होते, "मॅडम, जागा सोडू नका." मी वळूनही न बघता उत्तर दिलं होतं, "सर, मी सरकारी परीक्षा पास झालेय."

पुढच्याच रविवारी मी वालचंदनगरला गेले. त्यांच्या क्वार्टरचं दार उषावहिनींनी उघडलं. नाव सांगितल्यावर त्या दारातून बाजूला झाल्या नाहीत. "आता आनि काय ऱ्हायलंय?" एवढंच विचारलं. आतून सरांचा आवाज आला, "येऊ दे गं तिला." मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. ते ऐकत होते, पण त्यांच्या चेहऱ्यावर नवल नव्हतं. तेव्हा माझ्या लक्षात आलं.

"तुम्हाला माहीत होतं, सर."

"पलीकडच्या यंत्रावर मीच बसायचो की. सगळं दिसायचं."

"मग त्या दिवशी बोलला का नाहीत?"

"सगळ्यांसमोर? शिंद्यांनी तुला कामावर ठेवली असती का?" मला रडू आलं. ते बघून ते जरा अवघडले आणि म्हणाले, "आणि खरं सांगू? रागबी आला होता. म्हटलं, हिचं हिलाच सापडू दे." यातलं खरं कारण कोणतं, हे मी तेव्हापासून ठरवते आहे. कधी वाटतं पहिलं, कधी दुसरं. सरांवर संशय घ्यायची माझी खोड गेली नाही, असंही कुणी म्हणेल. पण दोन्ही खरी असतील असं मानलं की मला ते जास्त जवळचे वाटतात. मी त्यांना क्लासवर परत बोलावलं. ते म्हणाले, "त्या जिन्यावर आता पाय चढायचा नाही. तू शिकव."

मी शिंदेसाहेबांना लगेच सांगितलं. ते "जाऊ दे आता" म्हणाले. संजयला आणि नंदाबाईंना मात्र सांगितलं नाही. आज सांगू, उद्या सांगू. वर्ष गेलं, आणि सर गेले. संजय, नंदाबाई, तुम्ही ही पुरवणी वाचता हे मला ठाऊक आहे. घरभेदी मी होते.

गेल्या रविवारी वहिनींकडे गेले होते. सरांचं यंत्र खोलीत तसंच आहे, त्यावर वहिनींनी धुतलेला टॉवेल पांघरला आहे. त्या म्हणाल्या, "ह्यांची शिकनारी मानसं अजून लिहित असतील का गं त्यात? मला ते इंग्रजी न्हाय येत. तू बघ." मी टॉवेल काढला, फोन लावला आणि त्यांच्या वहीत लिहिलेला परवलीचा शब्द घालून सरांच्या नावानं आत गेले. खूप निरोप साचले होते. पुण्याचे होते, कुणी सोलापूरचे, एक कुठल्यातरी परदेशातल्या मराठी मुलीचा. मी एकेकाला कळवत गेले. तेवढ्यात पडद्यावर एक नवी ओळ उमटली, इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं मराठी. वहिनी माझ्या खांद्यावरून वाकून एकेक अक्षर जुळवत वाचायला लागल्या.

"मी... मेलो. आता... काय करू?"

त्यांनी माझा दंड घट्ट धरला. "कोन हाय हे?"

"कुणीतरी नवीन आहे, वहिनी. खेळात मेलाय. पुढं काय करायचं ते सरांना विचारतोय."

त्यांनी ती ओळ पुन्हा एकदा जुळवून वाचली. मग माझा दंड सोडला, कोपऱ्यातली खुर्ची ओढून माझ्याशेजारी बसल्या आणि म्हणाल्या, "मग सांग की त्याला. ताटकळत ठेवू नको."