तीन काड्या दुसऱ्या बेटातल्या

आजकाल कोणी बाणाच्या काड्या निवडून द्या म्हणून दारात आलं, की मी सांगते, डोळे गेले. सुईत दोरा ओवता येतो मला अजून. अंगणवाडीची सगळी रजिस्टरं मी बिनचष्म्यानं भरते. पण काडी म्हटलं की माझे डोळे जातात. कोणाला खरं वाटत नाही, तर न वाटो.

काडी म्हणजे बाणाचा दांडा. त्याला पुढे टोक आणि मागे पिसं लागायची असतात. माझं माहेर फुलसावंगीच्या पल्याड, जंगलाला लागून. माझा बाप बाण फारसा चालवायचा नाही, काड्या मात्र निवडायचा. लांबलांबची माणसं यायची, ओसरीत बसून राहायची, आणि तोवर बाप पन्नासातून दहा काढायचा. मुलगा त्याला उशिरा झाला. तोवर मी त्याच्या मांडीशी बसून सगळं शिकून मोकळी झाले होते. पोरीच्या जातीनं बाणाला हात लावला म्हणून भावकीतल्या बायांनी नाकं मुरडली. बाप म्हणाला, "काडीले काय समजते, पोराचा हात हाय का पोरीचा."

बांबू भरीव पाहिजे, पोकळ नाही. तो अंधाऱ्या पक्षात तोडायचा, म्हणजे कीड लागत नाही, असं बाप म्हणायचा. मग चुलीवरच्या माळ्यात धुराला ठेवून द्यायचा, चांगला एक उन्हाळा. मग फोडायचा, तासायचा, निखाऱ्यावर शेकून सरळ करायचा. इथपर्यंतचं काम कोणीही करतो. खरं काम त्यापुढचं. काडी तळहातावर उभी धरून फिरवायची. वाकडी असली तर ती हाताला सांगते. मग दोन खुंट्यांवर ती आडवी ठेवायची, मधोमध दगड टांगायचा आणि किती लवते ते पाहायचं. सगळ्या काड्या सारख्याच लवल्या पाहिजेत. जास्त ताठ काडी सुटली की डावीकडे जाते, नरम असली की उजवीकडे. म्हणून बापाचा एक दंडक होता, एका जुडीत बांबूच्या एकाच बेटातल्या काड्या. दोन बेटांची पाण्यामातीची चव वेगळी, त्यांचं लवणं वेगळं. त्यांना एकत्र बांधायचं नाही.

दुसरा दंडक घरचा होता, तो काड्यांपुरता नव्हता. चांगलं ते बाहेरच्याला आणि उरलंसुरलं घरच्याला. पहिली टम्म फुगलेली भाकर पाहुण्याच्या ताटात, करपलेली मायच्या. चोख काड्या मागायला आलेल्याला, बाकीच्या बापाला. बाहेरचा माणूस गावभर नाव ठेवतो, घरचं माणूस सांभाळून घेतं, असं त्याचं म्हणणं. मी लग्न होऊन यवतमाळला आले तरी हे माझ्यासोबत आलं. आमच्या एका खोलीत मी आणि माझी पोरगी करपलेली भाकर अर्धी अर्धी मोडून खायचो. ती करपलेला पापुद्रा आधी खायची, त्याला म्हणे चव असते.

पोरीला हा हात माझ्याकडून आला, आणि माझ्यापेक्षा चांगला आला. सातवीत असताना ती डोळे मिटून, नुसत्या बोटांनी सांगायची, आई, ही शेताच्या धुऱ्यावरच्या बेटातली, ही टेकडीवरची. मी तपासून पाहायची, तर खरंच. मला गंमत वाटायची. शाळेत तिरंदाजी सुरू झाली तेव्हा तिच्या हातात बांबूचं धनुष्य दिलं आणि तिनं पहिल्याच आठवड्यात सरांना तोंडात बोट घालायला लावलं.

दहावीच्या वर्षी गोष्ट अशी होती. जिल्ह्यातून पहिल्या चार पोरी पुढे विभागाला जाणार होत्या, आणि विभागात नीट खेळणारीला खेळाच्या वसतिगृहात जागा मिळायची होती. राहणं, खाणं, शिकणं, सराव, सगळं तिथेच. पोरीच्या डोक्यात दुसरं काही नव्हतं. तिनं मावशीकडची जुनी पत्र्याची पेटी आणली, घासूनपुसून तिला हिरवा रंग दिला आणि आत दोन फ्रॉक, एक टॉवेल आणि साबणाची डबी ठेवली. तीन महिने ती पेटी खाटेखाली भरलेली होती. मी म्हणायची, "अवं, आधी जिंकून तं ये." ती म्हणायची, "पेटी भरायले काय लागते."

सरांनी मला काड्या निवडायला बोलावलं. भावानं माहेराहून दोन बेटांचा सुकलेला माल आणून दिला, बराचसा धुऱ्यावरच्या बेटाचा, थोडा टेकडीवरचा. मी तासून, शेकून, दगड टांगून पाहिलं. धुऱ्यावरच्या चोख काड्या निघाल्या सतरा. त्या सतरांनी माझं वाटोळं केलं.

शाळेत एका साहेबांची मुलगी होती, तीही तिरंदाजी करायची. सर म्हणाले, "साहेबांच्या मुलीचा डझन जरा लक्ष देऊन काढा. तुमची काय, घरचीच आहे." दुसऱ्या दिवशी साहेबांच्या बायकोनं मला बंगल्यावर बोलावलं. खुर्चीवर बसवलं. मी आयुष्यात त्या रस्त्यानं भांडी घासायला गेलेल्या बाया पाहिल्या होत्या, खुर्चीवर बसलेली कोणी पाहिली नव्हती. सोनेरी काठाच्या कपात चहा दिला आणि म्हणाल्या, "ताई, तुमच्या हातात कला आहे हो." झालं. मी फुगले. खोटं कशाला बोलू, घरी येईपर्यंत मी रस्त्यानं एकटीच हसत होते.

सतरातल्या बारा मी त्यांना दिल्या. मोजून, एकसारख्या, एकमेकीला लावल्या तर वेगळ्या ओळखू येऊ नयेत अशा. माझ्या पोरीसाठी उरल्या पाच. स्पर्धेत एका फेरीत सहा बाण सोडायचे असतात, आणि एखाद-दोन जास्तीचे लागतात. नवा माल सुकायला वेळ नव्हता. मी टेकडीवरच्या तीन काड्या घेतल्या आणि त्या पाचांत बांधल्या. बापाचा दंडक मोडला. मोडला आणि वरून लपवला. सोनाराच्या दुकानात जाऊन त्याच्या काट्यावर आठही काड्या तोलल्या. तो हसून राहिला होता, मावशी, काड्यांचे दागिने करता काय म्हणून. टेकडीवरच्या जड भरल्या, तशा मी त्या घरी आणून काचेनं खरवडल्या, पुन्हा तोलल्या, वजन बरोबर केलं. खुंट्यांवर ठेवून दगड मात्र टांगला नाही. टांगला असता तर दिसलं असतं, आणि मला पाहायचं नव्हतं.

पोरीला जुडी दिली. तिनं एकेक काडी तळहातावर फिरवली. मी भाकरीचं पीठ मळत होते, पण माझं सगळं लक्ष तिच्या हाताकडे. दोन काड्यांवर तिचा हात थांबला, मग तिसरीवर थांबला. तिनं माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, "चांगल्या हायेत ना?" ती म्हणाली, "हो आई, चांगल्या हायेत." तिनं जुडी बांधली आणि मी सुटले.

स्पर्धेच्या दिवशी मी अंगणवाडीतून सुट्टी काढून मैदानावर गेलते. दोरीच्या अलीकडे पालक बसलेले. साहेबांची बायको माझ्या शेजारी येऊन बसली, तिनं मला पाण्याची बाटलीही दिली. तीस मीटरला माझी पोरगी दुसरी होती. माझा जीव भांड्यात पडला. तीस मीटरला काडी फार फसवत नाही. पन्नासला गेलो आणि तमाशा सुरू झाला. पाच बाण मधल्या पिवळ्यात नाहीतर त्याच्या भोवतीच्या लालात, एकाला एक चिकटून, आणि सहावा डावीकडे. पुढची फेरी, पाच एकत्र, सहावा डावीकडे. दर फेरीत तसंच. दर फेरीत तो शेवटचाच बाण. मी मनाला सांगितलं, पोरगी थकते, शेवटच्या बाणाला हात ढिला पडतो. आणि साहेबांची मुलगी, जिचा हात माझ्या पोरीच्या पासंगाला पुरत नव्हता, तिचे बाण सरळ जाऊन बसत होते. बसणारच. मी निवडले होते.

निकाल लागला. चौथी साहेबांची, पाचवी माझी. दोन गुणांचा फरक. दोन. एका फेरीतला एक बाण वीतभर उजवीकडे बसला असता तरी पेटी उघडावी लागली नसती.

साहेबांच्या बायकोनं माझे दोन्ही हात धरले, "ताई, तुमच्यामुळे." पोरगी समोर उभी होती. मी तिला म्हणाले, "वारा होता आज." मैदानाच्या कडेची पताकासुद्धा हलत नव्हती. ती म्हणाली, "हो, थोडासा होता." एसटी स्टँडपर्यंत आम्ही पायी आलो आणि तिथून ऑटो केला. घरी येऊन तिनं पेटीतला टॉवेल काढून दोरीवर टाकला.

पुढचं काय सांगायचं. त्या मुलीला वसतिगृहात जागा मिळाली. वर्षभरात साहेबांची बदली झाली आणि तिनं धनुष्य सोडलं, तिला म्हणे बोटं खराब होतात. माझ्या पोरीनं बारावी केली. आता ती मेन रोडवरच्या कापडाच्या दुकानात दिवसभर उभी राहून मीटरनं कापड मोजते. हात अजून तसाच आहे. पट्टी न लावता सांगते, हे सव्वादोन मीटर. गिऱ्हाइकं हसतात, कौतुक करतात. मला ते कौतुक ऐकवत नाही.

मागच्या उन्हाळ्यात सर घरी आले. शाळेची खोली आवरताना त्यांना ती जुडी सापडली होती. साहेबांनी जाताना सगळं सामान शाळेत टाकून दिलं होतं, त्यात तीही. सर म्हणाले, "तुमच्या हातच्या आहेत, तुमच्याकडेच असू द्या." बारा काड्या. पिसं झडली होती, पण काड्या तशाच, एकीला बाक नाही. सर गेले आणि ती जुडी मी टोपल्याखाली सरकवली. पण पोरगी दुकानातून आली, हातपाय धुतले, आणि नेमकं तेच टोपलं उचललं.

तिनं एकेक काडी तळहातावर फिरवली. सगळ्या बारा. कुठेच हात थांबला नाही.

"साऱ्या धुऱ्यावरच्या हायेत," ती म्हणाली.

मी टोपलं उचलून परत जागेवर ठेवलं.

"आई, तवा माह्या जुडीत तीन टेकडीवरच्या आलत्या. मले त्याच दिवशी समजलं होतं. म्हणून मी दर फेरीत त्यातली एक शेवटी सोडे, म्हटलं पाच तरी बरोबर जाऊ दे."

"मंग बोलली काहून नाही?" मी विचारलं. वर तोंड करून मीच विचारलं.

"मले वाटलं तुले समजलंच नाही. आजोबा गेल्यावर तुह्या हातून पहिल्यांदा चूक झाली, असं वाटलं मले. तुले कसं सांगू म्हटलं, तुह्या हातानं धोका दिला म्हणून. तू किती खुश होती."

तेव्हा मी मान हलवली असती तर भागलं असतं. हो बाई, चुकलंच माझं, लक्षात आलं नाही. तिनं मला वाट करून दिली होती, इतकी वर्षं ती वाट तिनं झाडून ठेवली होती. पण ती जुडी तिच्या मांडीवर होती आणि माझ्यानं खोटं बोलवेना.

"चूक नव्हती," मी म्हणाले. "मले माहीत होतं. चांगल्या तिले देल्या. तू घरची म्हणून."

ती रडली नाही, भांडली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं, मी तयार होते. तिनं जुडीला दोरी गुंडाळली, नीट दोन गाठी मारल्या आणि ती पत्र्याच्या पेटीवर ठेवून दिली. मग चूल पेटवली. मी म्हटलं, मी करते, तर म्हणाली, "बस तू."

पहिली भाकर टम्म फुगली. ती तिनं माझ्या ताटात वाढली. दुसरी एका बाजूनं करपली. मी नेहमीसारखा हात पुढे केला, अर्धी मोडून घ्यायला.

"राहू दे," ती म्हणाली, "तू चांगली घे." आणि करपलेली अख्खी भाकर स्वतःच्या ताटात घेऊन ती जेवायला बसली. त्या दिवसापासून रोज तसंच चालू आहे.